सगुणदादाची खबर

माझा भाऊ गेला त्या दुपारी मी दोनदा भात वाढून घेतला होता. हे मी कुणाला सांगत नाही. पण सगुणदादाबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

तेव्हा मी लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या या गावात नुकतीच आले होते आणि इथल्याच शाळेत लागले होते. माहेर सुर्ल्याचं. भाऊ तिथे खाणीवर मालाचा ट्रक चालवायचा. गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. त्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. घरी येऊन पान वाढून घेते तोच आंगणात कुणीतरी खाकरलं. बघते तर काळासावळा, काटकुळा, खांद्यावर पंचा टाकलेला एक माणूस सोप्याच्या पायरीखाली उभा. पायात चपला नाहीत.

"जेवलात बाई?"

"बसतेच आहे. काय हवं होतं?"

"बसा, बसा. काकडीचा बी मागूक इलंय. घाय नाय माका."

पाणी विचारलं तर नको म्हणाला. चहा तर नकोच. धुण्याच्या दगडावर पाठ करून बसला. मी जेवत होते आणि हा बाहेरून विचारतोय, "हुमण कसला?" बांगड्याचं म्हटलं. "मग आनी वायच घेवा." मला हसू आलं. असला आगाऊ माणूस मी पाहिला नव्हता. त्याच्या बोलण्याच्या नादात मी खरंच पुन्हा भात घेतला, वर कढी घेतली. हात धुवून काकडीचं बी शोधायला आत वळले तेव्हा तो उठून उभा राहिला.

"बी ऱ्हवांदी, बाई. तुमी बसा. सुर्ल्याची खबर आसा."

मी बसले. तो पुढे आला नाही, मागे सरला नाही. "तुमचो भाव गेलो. सकाळी फाटफटी ट्रक उलाटलो. दुख्खूक वेळ मेळूक नाय." एवढंच. मग माझं रडणं होईतो तो तिथेच उभा राहिला, शेजारणीला हाक मारली, आणि मी तिच्या गळ्यात पडले हे बघून निघून गेला.

पुढे वर्षभर मला या माणसाचा राग होता. संताप म्हणा. भाऊ तिकडे पडलेला आणि मी इकडे बांगडे चोखतेय, आणि हा बाहेर बसून ऐकतोय! माझं डोकं मुळातच तापट. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायची. पण सुर्ल्याला गेल्यावर दोन दिवस घरात चूल पेटली नव्हती. आई उठली की चक्कर येऊन पडायची, वहिनीला तर भान नव्हतं. उभी होते ती एकटी मी. सगळ्यांना मी सांभाळलं ते कशाच्या जोरावर, हे कळायला मला वर्ष लागलं.

गावात कुणी गेलं की बाहेरगावच्या नातेवाइकांना खबर द्यायला सगुणदादाला पाठवायचे. त्याच्या बापालाही पाठवायचे. वाण्याच्या फोनवर बाहेरची खबर आली तर तीही घरोघर तोच पोचवायचा. बाकी वेळ तो काजूच्या बागेत राबायचा, मोसम संपला की बिया भाजायचा. पण कुणाची लेक डिचोलीला दिलेली, कुणाची बहीण मांद्र्याला, तिथे हा जायचा. मिळेल ती बस, नाहीतर चालत. त्याचे नियम होते. चपला फाटकाबाहेर काढायच्या. सोप्यावर पाय ठेवायचा नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. उभ्या माणसाला सांगायचं नाही, आधी बसवायचं. आणि उपाशी माणसाला तर मुळीच सांगायचं नाही. "खबर कळली काय चूल बंद," तो म्हणायचा. "मागीर माती देयसर त्येंका घास खंयचो? मेलेलो खंय पळता काय? अर्द्या तासान काय बिगाडता?" त्यासाठी तो वाटेल ते खोटं बोलायचा. काकडीचं बी, कोयत्याला धार, हरवलेला पाडा. गोठ्यात जनावर नसलेल्या माणसाने आयुष्यभरात किती पाडे हरवले असतील याचा हिशेब नाही.

मांद्र्याला एकदा मोठी पंचाईत झाली. आमच्या वाड्यावरची एक म्हातारी गेली, तिचा भाचा मांद्र्याला समुद्राजवळ पाहुण्यांना खोल्या द्यायचा. सगुणदादा पोचला अकराला. भाचा खुर्चीत बसून उंडे-पाव आणि आमलेट खात होता. हा थांबला. तेवढ्यात कुणी गोरी मंडळी आली, भाचा उठला, अर्धं टाकून गेला, परत आला, चहा घेतला, पुन्हा उठला. तिथे माणसं दिवसभर खातच असतात आणि धड जेवत कुणीच नाही. भाच्याला वाटलं हा कामाला माणूस आलाय. त्याने हातात झाडू दिला. सगुणदादाने सगळं आंगण झाडलं, सुकलेली झावळं एका बाजूला रचली. तीन वाजता भाचा एकदाचा शीतकढी जेवला. मग याने झाडू भिंतीला टेकवला आणि सांगितलं. भाच्याला मरणाचं दुःख झालं ते झालंच, पण आपण याला राबवलं याची लाज त्याला अजून वाटते.

घरी परतल्यावर शेवटचा नियम. पाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. त्याची बायको भागी पायरीजवळच्या दगडावर पाण्याची कळशी भरून ठेवायची. तो वाटेवर दिसला की त्याच्या चालीवरूनच तिला कळायचं, खबर देऊन झाली की नाही ते. एकदा तो खबर न देताच परत आला होता. ते घर बंद होतं, माणसं जत्रेला गेली होती. तर ती रात्र त्याने सोप्यावर काढली आणि पहाटे पुन्हा गेला. "हातात खबर आसा," म्हणाला, "ती घेवन भितर खंय जाव?" भागीने आतून चादर आणून दिली. वाद घालायची नाही ती.

मग मोबाइल आले आणि त्याला कुणी बोलवेनासं झालं. गावाचा ग्रुप झाला. कुणी गेलं की दहा मिनिटांत हार घातलेला फोटो, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. लोकांना बाजारात कळायचं, बसमध्ये कळायचं, भरल्या ताटावर कळायचं.  सगुणदादा एकदाच मला म्हणाला, "बाई, तो फोटो पोचता तेन्ना माणूस बसलेलो आसता काय उबो?"

मी म्हटलं, "त्याला काय करायचंय ते?"

"तसा नाय. इचारलंय हो."

त्याची एकुलती एक लेक सुलक्षा मस्कतला एका हॉटेलात कामाला आहे. भागीचं दुखणं वाढलं, मोठ्या इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा सुलक्षाने गावच्याच कुणाबरोबर बापाला नवा स्मार्टफोन पाठवला. फोनचा खोका तसाच पंच्यात गुंडाळून सगुणदादा माझ्याकडे आला. चपला घालून आला होता. तेवढं मी आधी पाहिलं.

"माका शिकवा."

"काय काय शिकायचंय?"

"एकूच. भागीचा काय जाला तर सुलूक पयली खबर मिया सांगतलंय. तिणा ती ग्रुपार वाचूक जावची नाय. आख्ख्या गावाक मिया सांगलंय, बाई. माझ्या चेडवाक फोटो सांगतलो?"

एवढंच त्याला हवं होतं. मी सुलक्षाला ग्रुपमधून बाहेर पड म्हणून सांगावं, असं मी त्याला सुचवलं. तर म्हणाला, "कित्याक म्हणान सांगशात? आवय मरतली म्हणान?" मी खोका उघडून फोन बाहेर काढला.

शिकवणं सुरू झालं आणि माझी परीक्षा सुरू झाली. चाळीस वर्षं काजूच्या बिया भाजून फोडून, टरफलाच्या तेलाने त्याच्या बोटांची कातडी जळून गुळगुळीत झाली होती. अंगठा लावून फोन उघडायचा म्हटलं तर फोन त्याला ओळखेच ना. दहा वेळा अंगठा लावला, दहाही वेळा नकार. "ह्येका मी कोण ता समजना," म्हणाला आणि कसनुसा हसला. शेवटी आकड्यांचं कुलूप घातलं. बोट कडक, काचेवर टेकवलं तरी कळत नसे. मग तो जोर करून दाबायचा. मी ओरडायची, "अरे दादा, ती काजूची बी नाही, फोडायची नाही! टेकव नुसतं!" मी मुलांवर ओरडायची तशी ओरडले त्याच्यावर, आणि तो मुलांसारखाच मान खाली घालून पुन्हा करायचा. बोट जिभेला लावून ओलं केलं की काम होतं, हे त्याचं त्यानेच शोधलं.

फोन लावायच्या आधी तो चपला काढायचा. उभा राहून बोलायचा. रोज दुपारी सुलक्षाला फोन, आणि पहिला प्रश्न, "जेवलंस?" तिला त्यात काही वावगं वाटत नसे. बाप आहे, विचारणारच. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, हे सांगितलं तर त्याने बोटांवर मोजून बघितलं. "म्हणजे हंय काय जाला तरी थंय दीड तास बरो ऱ्हवलो," म्हणाला. तसं नसतं, हे मी पुन्हा पुन्हा समजावलं. त्याने मान हलवली, पण ते त्याने मनातून सोडलं नाही.

मेसेजच्या खुणा मात्र त्याला एका झटक्यात कळल्या. एक रेघ म्हणजे मी वाटेला लागलो. दोन म्हणजे आंगणात पोचलो. निळ्या झाल्या म्हणजे सांगून झालं. माझ्या वर्गात इतक्या लवकर कुणाला काही कळलेलं मला आठवत नाही.

भागी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी गेली. दुपारचा सव्वा वाजला असेल. मी तिथेच होते, चमच्याने पाणी घालत. सगुणदादा तिचा हात धरून बसला होता. हात तसाच खाली ठेवला, उठला, जनेलावर, खिडकीच्या फळीवर ठेवलेला फोन घेतला आणि आंगणात गेला. चपला नव्हत्याच पायात. मी दारातून बघत होते. बोट ओलं केलं, फोन लावला, ताठ उभा राहिला.

"सुलू, जेवलंस?"

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. डबा उघडतेय, असं असणार.

"बरां. जेव तर. पोटभर जेव. मागीर करतंय फोन." आणि फोन बंद केला.

 अरे, सांग की! असं ओरडावंसं वाटलं. पण मी ओरडले नाही. जिने स्वतः त्या अर्ध्या तासाचं अन्न खाल्लं होतं, ती कुठल्या तोंडाने ओरडणार? तो उन्हात उभा राहिला, फोन तळहातावर आडवा धरून. लेकीचं जेवण होण्याची वाट बघत.

आता जे मी केलं ते लिहिते. मी आत येऊन पेडण्याला राहणाऱ्या माझ्या जावेला मेसेज केला, भागी गेली, तू ये, मला एकटीला जमणार नाही. फक्त तिला एकटीला. तिने तो वाचला आणि, चांगल्याच मनाने असेल, ग्रुपवर टाकला. कुणीतरी भागीचा चतुर्थीतला फोटो शोधला, त्यावर हार चढवला. माझ्या फोनवर तो आला तेव्हा मी धावत बाहेर गेले. तेवढ्यात सगुणदादाच्या हातातला फोन वाजला.

त्याच्या बोटाने कुठेतरी भलतीकडे टेकवलं असावं. आवाज मोठ्याने बाहेर आला. आंगणात जमलेल्या सगळ्यांनी ऐकला.

"बाबा, आई थंय मरान पडलली आनी तुमी माका जेव म्हणान सांगलात? माझ्या तोंडात घास होतो, बाबा! तोंडात घास होतो! तुमका ठावक होता आनी तुमी माका जेवक लायलात!"

"सुलू, बस गो खंय तरी, बस पयली..." तो म्हणत राहिला. फोन कधीच बंद झाला होता.

ती आली नाही. महिनाअखेरीची रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं, तेही रद्द केलं. शेजारणीला फोन करून बाराव्याचं विचारलं, बापाचं विचारलं नाही. सगुणदादा रोज दुपारी फोन लावायचा. वाजून वाजून बंद व्हायचा. मीही दोनदा लावला, माझाही उचलला नाही. जावेचं आणि माझं ते मी त्याला सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही. या वयात मला त्याची भीती वाटते असं नाही. तो मला काही बोलणार नाही, याची भीती वाटते.

आणि तो घरात झोपेनासा झाला. सोप्यावर गोणपाट टाकून पडायचा. तिथेच पेज प्यायचा, आंघोळ विहिरीवर. लोक म्हणाले, बायकोच्या दुःखाने झालंय, आत गेलं की आठवण येत असेल. थंडीचे दिवस, दव पडायचं. दीड महिना झाल्यावर मी जाऊन फैलावर घेतलं. "मरायचंय का तुला? न्यूमोनिया होईल. घर असून भिकाऱ्यासारखा बाहेर काय पडतोस? आत जा!"

त्याने माझ्याकडे बघितलं. "कसो जाव, बाई? खबर हातातूच आसा. दिवक खंय मेळली?"

 पायरीजवळच्या दगडावर भागीची कळशी तशीच होती, कोरडी, आत कोळ्याचं जाळं.

त्या दिवशी मी त्याला शेवटची गोष्ट शिकवली. फोनमध्ये बोलून ठेवायचं आणि ते पाठवायचं. समोरच्याने फोन उचलायलाच हवा असं नाही. तिला वाटेल तेव्हा ती ऐकेल, आणि ऐकलं की छोट्या माइकचं चित्र निळं होईल. मी एकदाही ओरडले नाही. त्याचं बोट सारखं निसटत होतं, म्हणून बटण वर सरकवून ठेवायचं दाखवलं, म्हणजे धरून ठेवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आंघोळ करून, धुतलेला पंचा घेऊन आंगणात उभा राहिला. पश्चिमेकडे तोंड. मस्कत कुठे म्हणून त्याने मला विचारून घेतलं होतं. बटण मी सरकवून दिलं आणि बाजूला झाले.

"सुलू, बाबा बोलतंय. जेवलंस? जेवक नाय तर ह्या हंयच बंद कर. जेव. मागीर आयक. मी थांबतंय."

आणि तो थांबला. मला वाटलं, शब्द सुचत नसतील. काचेवर आकडे पळत होते. एक मिनिट, दोन मिनिटं. मग लक्षात आलं, हा खरोखरच ती जेवायची वाट बघतोय. मी पुढे होऊन सांगणार होते की दादा, असं नसतं. पाय उचललाच गेला नाही. मागे माडावर कावळा ओरडत होता, रस्त्यावरून पेडण्याची बस हॉर्न देत गेली, ते सगळं त्यात भरलं गेलं असणार. सात मिनिटं झाली. सात मिनिटं तो हात बांधून उभा होता.

"जेवलंस? बरां. आता बस. खुर्ची घे, नायतर जमनीर बस. सुलू, तुझी आवय गेली. बेस्तारा दनपारा. तिचो हात माझ्या हातात होतो. दुख्खूक नाय तिका. सकाळी तिणा तुझा नाव काढल्यान. रड आता. मी हंय उबो आसंय."

मग तो पुन्हा उभा राहिला, तिचं रडणं होईल एवढा वेळ. शेवटी मला खूण केली. मी पाठवून दिलं. एक रेघ. थोड्या वेळाने दोन.

त्यानंतर तो रोज फोन घेऊन माझ्याकडे यायचा. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणायचा, रंग तुमीच बघा. मी बघायची. राखाडी. दुसऱ्या दिवशी राखाडी. पंधरवडा उलटला. नजर चुकवून मी त्याला भाजी द्यायची, पेज द्यायची, आणि तो सोप्यावरच निजायचा.

एकोणिसाव्या दिवशी मीच त्याच्याकडे गेले होते. त्याने फोन पुढे केला. माइक निळा झाला होता. खाली उत्तर नव्हतं. एक अक्षर नव्हतं.

"निळा झालाय, दादा."

"म्हणजे आयकला?"

निळं होतं ते नुसतं ऐकायला सुरुवात केली तरी होतं. ती सात मिनिटं तिने ऐकली, की पहिल्या 'जेवलंस'लाच बंद केलं, हे कुणालाही कळायला मार्ग नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"ऐकलं," मी म्हटलं.

"मग जाला."

त्याने फोन माझ्या हातात दिला. कळशी उचलली, जाळं पुसलं, विहिरीवर जाऊन भरून आणली. दगडावर उभा राहून आधी उजवा पाय धुतला, मग डावा, टाचांपर्यंत चोळून. पंच्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता उंबरठा ओलांडून आत गेला. आत अंधार होता. दार त्याने ओढून घेतलं. सोप्याच्या शेणाच्या जमिनीवर त्याची ओली पावलं उंबरठ्यापर्यंत गेलेली होती, आणि त्याचा फोन हातात धरून मी ती सुकेपर्यंत आंगणात उभी होते.